मदत हवी आहे: पांढरट पडलेलं डार्क चॉकलेट पुन्हा कडक कसं करायचं?

रात्री सगळं आवरलं की डार्क चॉकलेटचा एकच चौकोन, तोही दहा मिनिटं पुरवून. दिवसभरातली माझी चैन एवढीच. त्यामुळे 'नवीन आण की' हा सल्ला कृपया नको. बरंच उरलंय आणि टाकवत नाही.

७० टक्के कोकोचं आहे. उकाड्यात मऊ पडून आपोआप घट्ट झालं, तेव्हापासून वर पांढरट थर. तोडताना 'कट्' आवाज नाही, नुसतं भुसभुशीत. बुरशी नाही, वास ठीक आहे. बोटाने चोळलं की थर विरघळतो, म्हणजे ओलाव्याने वर आलेली साखर नव्हे, कोको बटरच (चॉकलेटमधली चरबी) असावं. खायला चालतं हे माहीत आहे, पण जिभेवर वाळू लागली की ती दहा मिनिटं फुकट!

आधी गरम पाण्यावर वितळवून थेट फ्रीजमध्ये ठेवलं. दोन दिवसांत पुन्हा डाग. मग ४५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळवून, ढवळत २८ वर आणून, परत ३१-३२ पर्यंत तापवलं. चकाकी आली, पण मधोमध रेघा. थर्मामीटर साधा स्वयंपाकाचा, चॉकलेट पसरून गार करायला संगमरवरी फरशी नाही आणि चॉकलेट एका वेळी जेमतेम १०० ग्रॅम. एवढ्याशाचं तापमान भराभर खालीवर होतं, बहुधा तिथेच चुकतंय.

आता चांगल्या चॉकलेटचे तुकडे विरजणासारखे घालून बघणार आहे. १०० ग्रॅमला ते किती घालायचे, नेमके किती अंशांवर, आणि न विरघळलेले तुकडे शेवटी काढून टाकायचे का?