पडक्या यादवकालीन मंदिराचे सुटे दगड संगणकावर कसे जुळवायचे?

कूटस्तंभ:
गर्भगृह आणि अंतराळ (गर्भगृह व सभामंडप यांना जोडणारी जागा) उभं आहे, सभामंडप पूर्ण कोसळलाय. आवारात दीडशेच्या आसपास दगड पडलेत: स्तंभांचे तुकडे, हस्त (स्तंभावर बसून तुळई पेलणारे दगड), तुळया, शिखराची कूटं (शिखरावरच्या छोट्या शिखर-प्रतिकृती). कॅमेरा 24 मेगापिक्सेल, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, 35 मिमी लेन्स. मेशरूममध्ये (फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) बाहेरच्या भिंतीचं मॉडेल केलं, तर सरळ जंघा (भिंतीचा मधला उभा भाग) मधोमध फुगलेली दिसते. शेंदूर लावलेल्या मूर्तीच्या जागी नुसता गोळा येतो. आणि खरा प्रश्न: दगड जुळवायची सुरुवात कुठून करू?

मोजपट्टी:
भिंत फुगते कारण तुम्ही भिंतीला समांतर चालत, सगळे फोटो समोरूनच काढलेत. अशा फोटोंमधून लेन्सचा बाक (सरळ रेघ किंचित वाकडी दाखवण्याचा दोष) सॉफ्टवेअरला नीट ओळखता येत नाही आणि तो भिंतीच्या माथी बसतो. समोरची ओळ ठेवा, पण प्रत्येक जागेवरून डावीउजवीकडे 15–20 अंश तिरके फोटोही घ्या. काही फोटो कॅमेरा उभा धरून, काही जास्त लांबून. शेजारच्या फोटोंमध्ये 70–80 टक्के भाग सामाईक हवा. फोकस एकदा लावून रिंगला चिकटपट्टी लावा, स्टॅबिलायझर बंद करा. अ‍ॅपर्चर एफ/8 पुरे.

2 मीटरवरून तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल दगडावर साधारण 0.22 मिमी पडतो, म्हणजे छिन्नीचे घावसुद्धा येतील. मापासाठी भिंतीवर ठळक खुणांमधली निदान चार लांब अंतरं लेझर मीटरने मोजा. तीन मॉडेलला द्या, चौथं लपवून ठेवा आणि शेवटी त्यावरून चूक किती ते तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, मग मॉडेल देखणं होतं पण मापाला भरवसा नसतो.

शेंदूर आणि तेल चमकतं. कॅमेरा हलला की चमकही हलते, त्यामुळे सॉफ्टवेअरला स्थिर खूण सापडत नाही. फ्लॅशवर ध्रुवीकरण फिल्म आणि लेन्सवर 90 अंश फिरवलेला पोलरायझर लावा, चमक जवळजवळ जाते. शेंदूर खरवडायचा नाही. ओल्या बेसॉल्टचंही तेच होतं, पाऊस थांबल्यावर दगड पूर्ण वाळू द्या.

जोते ते कळस:
आधी मंदिर राज्य-संरक्षित आहे की केंद्र-संरक्षित ते पाहा. संरक्षित असेल तर लेखी परवानगी घ्या, ट्रायपॉड आणि ड्रोनचा त्यात वेगळा उल्लेख हवा. परवानगीशिवाय एकही दगड हलवू नका. तो कुठे आणि कोणत्या बाजूला पडलाय हाच मंडप कसा कोसळला याचा पुरावा असतो. प्रत्येक दगडाला क्रमांक, जागेचा नकाशा, मगच फोटो.

एका दगडाला तीन उंचींवरून फिरत 60–80 फोटो लागतात. ज्याची खालची बाजू दिसत नाही तिथे मॉडेलला भोक राहू द्या. सॉफ्टवेअरमधलं भोकं बुजवण्याचं काम बंद करा, नाहीतर सांध्याच्या तोंडावर खोटा गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतो आणि पुढे तुम्ही त्यालाच दगड समजून जुळवत बसता.

सुरुवात नक्षीवरून करू नका. ही बांधणी चुन्याशिवायची आहे, दगड सांध्यांवर बसतात. स्तंभाच्या माथ्यावरचा खुंटा, हस्ताच्या तळाची खाच, तुळईच्या टोकाची खोबण, यांची मापं तक्त्यात भरा आणि आधी मापांच्या जोड्या लावा. झिजलेल्या कडा आपोआप जुळवणारी साधनं इथे फसतात.

तुमचं शिखर भूमिज शैलीचं असेल, तर त्याची रचना हीच चावी आहे. चारही बाजूंना वर चढणाऱ्या लता (नक्षीच्या उभ्या पट्ट्या), त्यांच्यामध्ये कूटांच्या आडव्या रांगा, आणि वरच्या रांगेतलं कूट खालच्यापेक्षा लहान. कूटांच्या रुंदीचे गट पाडलेत की कोणतं कितव्या रांगेतलं ते बरंचसं कळतं. ताडून पाहायला सिन्नरचा गोंदेश्वर आहे, शिखर उभं आहे. अंबरनाथ त्याच शैलीतलं, पण तिथला शिलालेख शके 982, म्हणजे 1060 सालचा आहे. त्याची प्रमाणं यादवकाळाला सरसकट लावू नका.

मॉडेलमध्ये चार रंग ठेवा: जागेवर असलेलं, सांध्यावरून नक्की बसवलेलं, सममितीवरून घेतलेलं, दुसऱ्या मंदिरावरून घेतलेलं. एकरंगी देखणं मंदिर लोकांपुढे ठेवलं की अंदाजच इतिहास होऊन बसतो. याबाबतीत तडजोड करू नका.

अँडेसाइट:
पडद्यावर अडलात तर दगडांची छोटी प्रारूपं थ्रीडी प्रिंटरवर छापून पाहा. बोलिव्हियातल्या तिवानाकू या प्राचीन स्थळी पुमा पुंकू नावाच्या वास्तूत दगड पार विखुरलेले आहेत. पुरातत्त्वज्ञ अलेक्सेई व्रानिच यांनी दीडशे वर्षांतल्या नोंदींमधली मापं घेऊन तुकड्यांची 4 टक्के मापाची प्रारूपं थ्रीडी छापली आणि हातात घेऊन जुळवली. तो अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. हातात फिरवताना जे सुचतं ते माउसने सुचत नाही.

तुम्ही सगळे दगड एकाच मापाने, 1:10 ला छापा, नाहीतर ते एकमेकांत बसणार नाहीत. 3 सेंमीचा खुंटा 1:20 ला दीड मिमीच उरतो, प्रिंटरच्या 0.4 मिमीच्या नोझलला तो धड काढता येत नाही.

कूटस्तंभ:
खुंट्यांची मापं मॉडेलवरून घेऊ की प्रत्यक्ष?

जोते ते कळस:
दोन्ही. दगडावर कॅलिपरने, तेही दोन ठिकाणी, कारण खुंटा वर निमुळता असतो. मॉडेलशी 2 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर त्या दगडाचे फोटो पुन्हा काढा.