लॅम्पशेडला घरीच नवं कापड लावलंय का कुणी? अनुभव लिहा

गोदाकाठ
आज जिन्याखाली कुणीतरी टाकून दिलेला टेबललॅम्प दिसला. पितळी दांडा धड, फक्त शेडचं कापड चिंध्या होऊन लोंबत होतं. एकदम परभणीची आत्या आठवली. तिच्याकडे असाच दिवा होता आणि कापड विटलं की ती स्वतः बदलायची. जुनं कापड ओरबाडून काढायची नाही, टाके उसवून अलगद सोडवायची, कारण नव्याचं माप तेच. मग तारेचा सांगाडा पॉलिश पेपरने घासायचा. गंज राहिला तर पावसाळ्यात कापडावर तांबूस डाग उमटतात. वरच्या-खालच्या कडीला सुती फीत घट्ट गुंडाळायची, टाके त्या फितीतच घ्यायचे. आणि कापड उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं! सरळ कापलेलं फुगीर सांगाड्यावर बसतच नाही, चुण्या पडतात. उरेब ताणलं की अंगासरशी बसतं. टाचण्या समोरासमोर लावत जायच्या, एका बाजूने सुरुवात करून गोल फिरायचं नाही, नाहीतर सगळं कापड एकीकडे ओढलं जातं.

ज्यांचा दिवा होता त्यांना विचारून मी तो वर आणलाय. कापड ठरत नाहीये. तुम्ही काय काय वापरलंत, सांगा.

अंबाजोगाईची लेक
सासूबाईंचं इरकली लुगडं. अंगाचं कापड मधे विरलेलं, काठ मात्र जसेच्या तसे. अंगाचं वर, काठाची पट्टी खाली फिरवली. रंग गडद हिरवा असल्याने उजेड कमी पडतो, वाचायला उपयोग नाही. देवघराशेजारी ठेवलाय, तिथे शोभतो. लेकरं त्याला पणजीचा दिवा म्हणायलेत. बाकी पोळ्या झाल्या की लिहिते.

रामप्रहर
लाईट आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे दुपारपासून नाही. नंतर वाचतो.

हिमरूवेडी
गोदाकाठ ताई, हा विषय काढलात, लई बरं वाटलं. आईची हिमरू शाल होती, निम्मी कसरीने खाल्लेली. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा हे विणकर इकडे आले असं आमच्या संभाजीनगरात सांगतात. आई ते प्रत्येक पाहुण्याला सांगायची, शाल दाखवून.

तर मुद्दा असा. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र असतं, आणि नक्षीचा जादा धागा कापडाच्या मागे सैल सुटलेला राहतो. हातात घेतल्यावर काही वाटत नाही. कापण्याआधी सहज पेटत्या बल्बसमोर धरलं तर मागच्या सगळ्या धाग्यांची सावली पुढे आली, फुलं ओळखूच येईनात. आतून मलमलीचं अस्तर लावून पाहिलं. सावली मऊ झाली, गेली नाही. शेवटी जाड पुठ्ठ्याची गोल शेड घेतली आणि त्यावर शाल ताणून चिकटवली. पुठ्ठ्यातून उजेड येत नाही, तो वर छतावर आणि खाली टेबलावर पडतो, आणि शालीची बुट्टी बाहेरून दिवसा दिसते तशीच रात्री दिसते. फेव्हिकॉल पुठ्ठ्याला पातळ लावायचा, कापडाला नाही, नाहीतर तो रेशमातून वर फुटतो.

सगळ्यांना एकच सांगणं, कापड आधी बल्बसमोर धरा. मग कात्री.

गोदाकाठ
किती छान केलंत! आईंची शाल रोज डोळ्यासमोर राहिली. फोटो टाका ना.

हिमरूवेडी
टाकते. सध्या मुलीकडे पुण्यात आहे, दिवा घरी.

पैठणचा पाहुणा
याच्याच उलट पैठणीचं. हातमागाच्या पैठणीचे काठ-पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखे, कारण रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवून तिथूनच मागे वळवतात, पाठीवर काही लोंबत नाही. यंत्रावरच्या पैठणीत पाठीमागे धागे सुटलेले असतात. बहिणीने फाटक्या पदराचा एक मोर शेडवर बसवलाय, दिवा लावला की पंखाचे रंग काचेसारखे उजळतात. नवीन पैठणीला कात्री लावू नका हो कुणी!

लातूरची मावशी
कामून लावेल कुणी 😄 माझी तर मी सुनेला पण देत नाही.

तारवाला
बल्बचं कुणीच बोललं नाही. शेडमध्ये जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब असेल तर आधी तो काढा. त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. रेशीम करपतं, पॉलिस्टर वितळतं. ९ वॅटचा एलईडी साधारण तेवढाच उजेड देतो आणि फार तापत नाही. तरी बल्ब आणि कापडात चार बोटं अंतर ठेवा. काम करताना प्लग काढलेला असू द्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

जालनेकर
आमच्याकडे सांगाडाच नव्हता. वेल्डिंगवाल्या दादांनी तारेच्या दोन कड्या आणि उभ्या काड्या जोडून दिल्या. वर पांढरी खादी. सुताचा जाडबारीकपणा उजेडात फार सुंदर दिसतो.

रामप्रहर
आली लाईट. खादी नांदेडची घ्या. झेंड्याची खादी तिथे होते, साधी पण मिळते. आमच्या गल्लीत महालक्ष्म्यांसमोर तसल्याच शेडचे दिवे होते यंदा. जेवणाला शंभरावर पान, मी वाढपी 🙏

अंबाजोगाईची लेक
झाल्या पोळ्या. निमुळती शेड असेल तर एक युक्ती. जुनं कापड शिल्लक नसेल तेव्हा शेड वर्तमानपत्रावर आडवी ठेवून हळूहळू लोळवा आणि वरच्या-खालच्या कडेने पेन्सिल चालवत राहा. पूर्ण एक फेरा झाला की कमानीसारखा आकार मिळतो. चारी बाजूंनी बोटभर जास्त ठेवून कापा.

लातूरची मावशी
बाई, हे तर मला ब्लाऊजच्या कटिंगपेक्षा सोपं वाटायलंय. फीत किती रुंद लागते? उद्या गंजगोलाईत जाणारच आहे.

गोदाकाठ
मावशी, अर्धा इंच पुरे. तिरकी गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवून. शेवटाला गाठ मारू नका, टाका घाला, गाठ कापडातून दिसते. माझं खादीचं ठरलं. आणि मलाही त्याच दुकानातून थोडी पांढरी फीत आणाल का? पुढच्या आठवड्यात लातूरला येतेय.

लातूरची मावशी
आणते की. जेवायलाच ये.