मदत हवी आहे: ऑस्करचे नामांकित सिनेमे इंदूरमध्ये कसे गाठायचे?

मंडळी, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे 10 आधी उरकले की दिग्दर्शन, अभिनय, संकलनातली बरीच नावं त्यातच येऊन जातात. अडतं ते पुढे. आंतरराष्ट्रीय विभागातले 5 आणि माहितीपट आपल्याकडे थिएटरला क्वचितच लागतात. लघुपट एकूण 15, प्रत्येकी जास्तीत जास्त 40 मिनिटांचे. पण काही यूट्यूबवर मोफत, तर काहींचा पत्ताच नाही. ऑनलाइन भाड्याने घेतलेला सिनेमा सुरू केला की साधारण 48 तासांत संपवावा लागतो, त्यामुळे लांबलचक असेल तर शनिवारीच लावावा. हिंदी डबिंग नको, अभिनय जोखायचा तर मूळ आवाजच हवा.

माहितीपट भारतात अधिकृतपणे कुठे मिळतील? इंदूरमध्ये कुणी असे खेळ लावतं का? सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे असतो, त्याआधी सगळं बघून व्हायला हवं.