अकायेसूने स्वतः बलात्कार केला नव्हता, तरी बलात्कार आणि वंशसंहाराचा दोषी कसा ठरला?

मृण्मयी_द
रवांडा न्यायाधिकरणाचा (१९९४ च्या तिथल्या वंशसंहाराचे खटले चालवणारं संयुक्त राष्ट्रांचं न्यायालय) २ सप्टेंबर १९९८ चा अकायेसू निकाल वाचते आहे. तीन ठिकाणी अडलंय. झ्याँ-पॉल अकायेसू हा ताबा कम्यूनचा, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासकीय विभागाचा, प्रमुख. त्याने स्वतः बलात्कार केल्याचा आरोपच नाही, मग दोषी कसा? १९४८ च्या वंशसंहार करारात बलात्कार हा शब्दही नाही, मग तो त्यात बसवला कसा? आणि वैद्यकीय पुरावा जवळपास नसताना सिद्ध कसं झालं?

कलम_सहा
पहिल्याचं उत्तर जागेत आहे. तुत्सी (ज्या गटाला संपवलं जात होतं तो) बायका जीव वाचवायला कम्यूनच्या कार्यालयात, म्हणजे त्याच्याच आवारात येऊन राहिल्या होत्या. इंटरहाम्वेचे, म्हणजे हुतूंच्या सशस्त्र टोळ्यांचे, लोक त्यांना तिथून ओढून नेत. काही वेळा अकायेसू समोर उभा होता, आणि त्याच्या तोंडचे चिथावणीचे शब्द साक्षीदारांनी सांगितले. कम्यूनचे पोलीस त्याच्या हाताखाली, आवारात शब्द त्याचा. अधिकारी समोर असून थांबवत नाही, हीच करणाऱ्यांना परवानगी. न्यायालयाने याला मदत आणि प्रोत्साहन म्हटलं, काही प्रसंगांत चिथावणी आणि आदेशही.

एक गल्लत मात्र सर्रास होते. 'वरिष्ठ म्हणून जबाबदार' या कलमाखाली त्याला धरलेलं नाही. इंटरहाम्वे त्याच्या हाताखाली होते असं आरोपपत्रात लिहिलंच नव्हतं, म्हणून तो रस्ता बंद होता. आरोपपत्रात जे नाही ते न्यायालय नंतर भरून काढत नाही.

त्याच आरोपपत्राची आणखी एक गोष्ट. मूळच्या १२ आरोपांत लैंगिक हिंसा नव्हतीच. जानेवारी १९९७ मध्ये खटला उभा राहिला आणि साक्षीदार 'जे' दुसऱ्याच विषयावर बोलताना मुलीवरच्या बलात्काराबद्दल बोलून गेली. पुढे साक्षीदार 'एच'ने स्वतःवरचा अत्याचार सांगितला. खंडपीठावर नवनीतम पिल्लै होत्या, डर्बनच्या तमिळ घरातल्या. त्या तिघांत एकट्याच स्त्री. खंडपीठाने प्रश्न विचारून विषय पुढे नेला, आणि १७ जून १९९७ ला तीन आरोप वाढवले गेले.

गवाक्ष
दुसऱ्या प्रश्नाचं. करारात पाच कृत्यं आहेत. त्यांतलं दुसरं, 'गंभीर शारीरिक वा मानसिक इजा', इथे लागू झालं. पण इजेने एकट्याने वंशसंहार होत नाही. गट म्हणून नष्ट करण्याचा हेतू लागतो, आणि तो लेखी सापडत नाही, परिस्थितीवरून काढावा लागतो. ताबात निवड तुत्सी बायकांचीच होत होती, उघड्यावर, अनेक वेळा, आणि बऱ्याच जणींना नंतर मारलं गेलं. बलात्कार हा गट संपवण्याच्या प्रक्रियेचाच टप्पा होता, असं न्यायालयाने म्हटलं.

चौथ्या कृत्यावरचं, म्हणजे 'जन्म रोखणे' यावरचं विवेचनही चुकवू नका. मूल बापाच्या गटाचं मानणाऱ्या समाजात मुद्दाम दुसऱ्या गटाचा गर्भ लादणं, किंवा एखादीला मूल होऊ देण्याचीच भीती बसवणं, हेसुद्धा त्यात येऊ शकतं. शिक्षेचा आधार ते नव्हतं, तरी वाचण्यासारखं आहे.

(म्हणूनच मी 'नरसंहार' टाळतो. त्यात फक्त मारणं ऐकू येतं.)

दुभाष्या
तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. न्यायाधिकरणाच्या पुराव्याविषयीच्या नियम ९६ प्रमाणे लैंगिक अत्याचाराच्या पीडितेच्या साक्षीला दुसऱ्या दुजोऱ्याची सक्ती नाही, आणि तिचं आधीचं लैंगिक आयुष्य पुरावा म्हणून काढता येत नाही. म्हणजे सगळा भार शब्दांवर येतो, आणि शब्द किन्यारवांडा या रवांडाच्या भाषेतले. साक्षीदार 'गुसाम्बान्या', 'कुरुन्गोरा', 'कुर्यामाना', 'गुफाता कु न्गुफू' हे आलटून पालटून वापरत होते. कुर्यामाना म्हणजे एकत्र झोपणे. गुफाता कु न्गुफू म्हणजे कुठलीही वस्तू बळाने घेणे, आणि बलात्कारही. कुरुन्गोरा संभोगाला म्हणतात, संमती असो वा नसो. दुभाषे चारहींना 'बलात्कार' म्हणत होते. न्यायालयाने हे शब्द एकेक उलगडून, संदर्भासह निकालात नोंदवले. तसं केलं नसतं तर बचावपक्षाला 'ती फक्त झोपली म्हणाली' एवढं पुरलं असतं.

जबाब घेणाऱ्यांसाठी यातून निघतं ते हे: मूळ भाषेतला शब्द जसाच्या तसा आधी लिहा, भाषांतर शेजारी. एकच नीट जबाब घ्या. चार संस्थांनी चार वेळा विचारलं की तपशील थोडे हलतात आणि उलटतपासणीत तेच तिच्यावर उलटतात. 'हे कुणालाच कळणार नाही' असं वचन देऊ नका, कारण जबाब बचावपक्षाला द्यावा लागू शकतो. आणि घटना ताजी असेल तर आधी दवाखाना: एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात, तातडीचं गर्भनिरोधक १२० तासांपर्यंत. जबाब थांबू शकतो.

मृण्मयी_द
आभार. पण मग संमतीचा मुद्दा? तो तर बचावपक्ष काढणारच.

कलम_सहा
अकायेसूत तो व्याख्येतच निष्प्रभ केला: 'बळजबरीच्या परिस्थितीत' केलेलं लैंगिक स्वरूपाचं शारीरिक आक्रमण. हात उगारायलाच हवा असं नाही, इंटरहाम्वेचा वेढा पुरे. खरी कसोटी बोस्नियातल्या फोचाच्या खटल्यात लागली, माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणात, निकाल २२ फेब्रुवारी २००१. आरोपी कुनाराच, बोस्नियन सर्ब सैन्यातला, म्हणाला, एका मुलीने आपणहून सुरुवात केली. तिने केलीही होती, कारण दुसऱ्या सैनिकाने 'याला खूश कर, नाहीतर मारीन' अशी धमकी दिली होती. न्यायालयाने ती संमती मानली नाही. कुनाराचला २८ वर्षं झाली. तो निकाल मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा आणि युद्धगुन्ह्यांचा आहे, वंशसंहाराचा नाही. दोन्ही एकत्र उद्धृत करताना तेवढं सांभाळा.