'कंट्री हाऊस'ला मराठीत काय म्हणावे : वाडा, गढी की हवेली?

विचारणा

वेल्समधील रेक्सम शहराजवळच्या एर्दिग या जुन्या वास्तूवरील लेखाचा मी अनुवाद करीत आहे. 'कंट्री हाऊस'साठी पहिल्या खर्ड्यात मी 'ग्रामीण घर' असे लिहिले होते. ते वाचून घरच्यांनी 'जमीन सारवलेली आहे का?' असे विचारल्यावर तो शब्द खोडला. आता वाडा, गढी आणि हवेली यांपैकी कोणता शब्द घ्यावा? शेजारी 'प्लास ग्रोनो' नावाचे घर होते असा उल्लेख आहे; त्यातील 'प्लास' म्हणजे काय, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

गढी प्रथम बाद करावी. गढी म्हटली की तट आणि बुरूज डोळ्यांपुढे येतात, आणि जोशुआ एडिसबरी यांनी १६८४ ते १६८७ या काळात बांधवलेल्या एर्दिगला यांपैकी काहीही नाही.

'वाडा' या शब्दाची अडचण अधिक खोल आहे. या शब्दाच्या मुळाशीच कुंपण आहे, म्हणून गुरांचाही वाडा असतो. आणि आपला राहता वाडा रस्त्याकडे जवळजवळ पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड करतो, उजेड आणि वारा चौकातून घेतो. एर्दिगची रचना याच्या नेमकी उलट आहे. विटांच्या त्या लांबलचक दर्शनी भिंतीत वरखाली सरकणाऱ्या उंच खिडक्यांच्या ओळी आहेत आणि त्या सरळ रेषांत आखलेल्या बागेकडे पाहतात. मालकाने खिडकीत उभे राहून आपली जमीन पाहावी, या कल्पनेवर ते घर उभे आहे.

माझे मत 'हवेली'कडे झुकते. आज या शब्दाने बहुतेकांना राजस्थान आठवते हे खरे. पण जुन्या महसुली भाषेत हवेली म्हणजे मुख्य ठाण्याभोवतीचा, त्याला जोडलेला मुलूख असाही अर्थ होता, आणि पुण्याच्या हवेली तालुक्याच्या नावात तो अजून टिकून आहे. घर आणि घराभोवतीची जमीन हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सापडणे ही अनुवादकाच्या दृष्टीने पर्वणीच आहे, कारण 'कंट्री हाऊस' हे शेते, कुळे आणि खंड यांच्याशिवाय उभेच राहत नाही. पहिल्या उल्लेखात 'जमीनदारी हवेली' असे लिहून पुढे नुसते 'हवेली' म्हणावे.

'प्लास'साठी मात्र 'वाडा'च चपखल बसतो. हा वेल्श शब्द गावाबाहेरच्या घरांपुरता मर्यादित नाही. कॉन्वी या तटबंद शहरातील 'प्लास माउर' हे रॉबर्ट विन यांनी १५७६ ते १५८५ या काळात बांधवलेले शहरातले घर आहे, आणि त्याला चौकही आहेत. 'माउर' म्हणजे मोठा. तेव्हा 'थोरला वाडा' म्हटले की झाले. अँगलसी बेटावरील 'प्लास न्यूअथ' हा, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याच्या चालीवर, 'नवा वाडा' होतो. प्लास ग्रोनोशी आपल्याकडचाही एक धागा आहे : मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचे गव्हर्नर राहिलेले एलिहू येल यांचे ते घर, आणि पैशांच्या अडचणीत सापडलेल्या एडिसबरींना त्यांनी कर्ज दिले होते.

विचारणाकर्त्याकडून

मनापासून आभार. आणखी तीन जागी अडलो आहे. एडिसबरींनंतरचे मालक जॉन मेलर यांनी १७२० च्या दशकात दोन्ही बाजूंना जोडलेल्या भागांना मी 'पंख' म्हटले आहे. नोकरवर्गाच्या विभागाला शब्द सुचत नाही. आणि खाली कोळसा खणल्यामुळे 'घर कोसळले' हे वाक्य बरोबर आहे का?

प्रतिसाद

'पंख' काढून टाकावेत. 'बाजूची दालने' असे साधेच लिहावे.

'कोसळले' ही तर वस्तुस्थितीचीच चूक होईल. बर्शम खाणीतील कोळसा घराखालून काढल्यामुळे एर्दिग सुमारे पाच फूट खाली गेले, तेही सगळीकडे सारखे नव्हे. भिंतींना तडे गेले, छपरे गळू लागली, पण घर उभे राहिले. यासाठी 'खचले' हाच शब्द हवा. १९७३ साली शेवटचे मालक फिलिप यॉर्क यांनी वास्तू 'नॅशनल ट्रस्ट' या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केली, खाणी चालवणाऱ्या सरकारी कोळसा मंडळाकडून नुकसानभरपाई मिळाली, डागडुजी झाली आणि १९७७ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

नोकरवर्गासाठी मराठीत आयता आणि भारदस्त शब्द आहे : शागिर्दपेशा. एर्दिगला तो विशेष शोभतो, कारण यॉर्क घराण्याने आपल्या नोकरांची चित्रे काढवून घेतली, त्यांवर पद्ये रचली आणि पुढे त्यांची छायाचित्रेही काढवली, ज्यांत माणसे आपापल्या कामाची अवजारे हाती धरून उभी आहेत. आजही पाहुण्याला मुख्य दारातून नेत नाहीत. कामाच्या आवारातून नेतात. त्या आवारातल्या खोल्यांना सुतारशाळा, लोहारशाळा, पागा, धोबीखाना, भटारखाना, मुदपाकखाना हे शब्द जसेच्या तसे लावता येतील. 'लाँड्री' आणि 'बेकरी' लिहिल्यास ती दुकाने वाटतील.

दुसऱ्या वाचकाकडून

एक छोटी दुरुस्ती सुचवतो. वेल्शमधील जोड 'डी'चा उच्चार इंग्रजीतील 'दॅट'च्या आरंभीच्या ध्वनीसारखा होतो, म्हणून विचारणाकर्त्यांनी 'एर्दिग' लिहिले ते योग्यच आहे. छापताना मुद्रितशोधकाने सवयीने त्याचे 'एर्डिग' करू नये, एवढे पाहावे. प्लास न्यूअथमधील शेवटचा ध्वनीही तोच असल्याने, एकसूत्रता हवी असेल तर तिथे 'न्यूअद' लिहिणे बरे.