माडीवरचा सेट आणि रॅक (ग्रुप : वाईचा वाडा)

रेवा : माडीच्या दिवाणखान्यात गाण्याचा सेट लावायचाय. सामान असं : टर्नटेबल (म्हणजे रेकॉर्ड प्लेयर, ४५ × ३५ सेंमी, १० किलो), ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, ४३ रुंद, ४० खोल, १५ उंच, १४ किलो), सीडी प्लेयर, छोटा फोनो प्रीॲम्प (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल ॲम्पसाठी वाढवणारा डबा) आणि ३०० एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड. स्पीकर वेगळ्या स्टँडवर आहेत. बैठक गादी-लोडाचीच राहणार, त्यामुळे रॅक बुटका हवा. दुकानातला काळ्या काचेचा घेऊ की सुताराकडून करून घेऊ?

मंजूआत्या : काच नको गं. कडीपाटाखाली दवाखान्याचं कपाट वाटेल. परसात जुन्या चौकटींचा साग पडलाय, तो वापर.

निखिलदादा : दिसण्याचं नंतर बघू. माडीची जमीन लाकडी आहे, खरी अडचण ती. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (दांड्याच्या टोकाची सुईची डबी) मिळून त्यांची स्वतःची कंपनसंख्या साधारण ८ ते १२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८ ते १२ कंपनं, असते. लवणाऱ्या लाकडी जमिनीची बरेचदा त्याच्याच आसपास येते. मग पावलागणिक सुई उडते, किंवा उडाली नाही तरी वूफरचा (मोठ्या स्पीकरचा) पडदा उगाच आतबाहेर होत राहतो. रॅक लाखाचा आणलास तरी जमीन हलली की तो हलणारच. खाली टोकदार स्पाइक लावले तर हिसका तसाच वर जातो. मऊ रबर लावलं तर कधी कधी डुलणं वाढतंच.

सुधीरकाका : झोपाळा विसरलात का? माजघरातला झोपाळा ज्या तुळईला टांगलाय, तीच तुळई माडीची जमीन पेलते. खाली झोका, वर धक्का.

रेवा : म्हणजे रेकॉर्ड चालू असताना झोपाळा बंद? आजीला कोण सांगणार 😄

निखिलदादा : कोणी सांगायला नको. टर्नटेबल जमिनीवरून उचल आणि भिंतीवर ने. बाकी सगळं बुटक्या रॅकमध्ये. आधी एक कर : पसरट ताटलीत पाणी घे. ती जमिनीवर ठेव, मग रस्त्याकडच्या भिंतीतल्या कोनाड्यात, मग मधल्या फळीच्या भिंतीवरच्या मांडणीवर. एकाला चालायला लाव, एकाला झोपाळ्यावर बसव आणि पाण्याकडे बघ.

रेवा : केलं. जमिनीवर आणि फळीच्या भिंतीवर स्पष्ट लाटा. रस्त्याकडच्या कोनाड्यात पाणी जवळजवळ स्थिर. मग कोनाड्यातच ठेवू का?

निखिलदादा : कोनाडा ३० सेंमी खोल, टर्नटेबल ३५. शिवाय झाकण उघडायला वर ४०-४५ सेंमी मोकळी जागा लागते. त्याच भिंतीवर ब्रॅकेट लाव.

सुधीरकाका : ब्रॅकेट लावताना घाई नको. ती भिंत चुन्यातल्या पातळ विटांची आहे. नेहमीचा फास्टनर आत फुगतो, जुनी वीट फुटते आणि महिन्याभरात बोल्ट गदागदा हलतो. केमिकल अँकर वापर, म्हणजे भोकात चिकट मसाला भरून त्यात रॉड बसवायचा, जाळीच्या नळीसकट. नळी नसेल तर मसाला आतल्या पोकळीत वाहून जातो. ड्रिल हॅमरवर न टाकता साधं फिरवायचं. गिलावा कुठे कुठे जाड आहे, तो भोकाच्या खोलीत धरू नकोस. विटेत निदान १२ सेंमी जायला हवं. भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकून पूर्ण काढ. धूळ राहिली तर मसाला विटेला न चिकटता धुळीलाच चिकटतो. १० मिमीचे चार रॉड, ब्रॅकेट ४० × ४० × ५ मिमी अँगलचे, खालून तिरका आधार दिलेले. पाकिटावर लिहिलेला सुकण्याचा वेळ संपेपर्यंत हात लावायचा नाही. मग ४० किलोचं पोतं दिवसभर ठेवून बघ.

मंजूआत्या : वर ग्रॅनाइट टाकू का? ५० × ४० ची २० मिमी फरशी घरात आहे.

निखिलदादा : आत्या, ती जवळपास ११ किलोची. जमिनीवरच्या रॅकला चालली असती. भिंतीवर हलकं आणि ताठ हवं. १८ मिमीच्या दोन प्लाय एकमेकांना चिकटवून फळी कर, पुढच्या कडेला सागाची पट्टी लाव. जमिनीपासून ७५ सेंमीवर लावली की गादीवरून उठून गुडघ्यावर बसलं तरी सुई दिसते.

रेवा : आणि खालचा रॅक?

मंजूआत्या : तीन खण, प्रत्येक आतून ५६ रुंद आणि ३५ उंच. एलपीचं कव्हर साडेएकतीस सेंमी असतं, वर बोटं जायला हवीत. दोन खण एलपींना, एक ॲम्पला. खोली ४५, पाठ उघडी. एकूण लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, पाय धरून उंची ५० येते. पाय १० सेंमीचे, म्हणजे खालून केरसुणी फिरते आणि वाळवीचा मार्ग डोळ्यांना दिसतो.

निखिलदादा : तळाची फळी २५ मिमी घे. कव्हरासकट एलपी पाव किलोची धरली तर ३०० चे ७५ किलो होतात. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे २५ मिमी ही १८ पेक्षा सुमारे २.७ पट ताठ. एलपी उभ्याच ठेव, दर २५-३० सेंमीला पातळ आडोसा दे, नाहीतर कलून वाकतात.

मंजूआत्या : प्लाय आयएस ७१० छापाची, म्हणजे पाण्याला टिकणारी मरीन प्लाय. आणि लाखेच्या पॉलिशवर उपकरणांचे रबरी पाय थेट नकोत, काळे डाग पडतात आणि गरम ॲम्पखाली पाय चिकटून बसतात. खाली नमदा किंवा कॉर्क.

सुधीरकाका : सगळं मिळून सव्वाशे ते दीडशे किलो होईल. रॅक भिंतीलगत, जमिनीखालच्या लाकडी कड्यांना आडवा ठेव, म्हणजे भार चार-पाच कड्यांवर वाटला जातो. खोलीच्या मध्यावर नको. त्याआधी कड्यांची भिंतीत घुसलेली टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोकरून बघ. कुजलेलं लाकूड असतं ते तिथेच. रॅक आणि भिंतीत ५ सेंमी फट सोड, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. रॅक ब्रॅकेटला कुठेही टेकता कामा नये.

रेवा : एलपी फडताळात गेल्या तर रॅक छोटा होईल ना?

मंजूआत्या : श्रावणात दार उघडून वास घे त्या फडताळाचा. कव्हरं एकमेकांना चिकटतील आणि वर बुरशी.

निखिलदादा : उघड्या रॅकमध्येच राहू देत. आता जागा : टर्नटेबलचा आर्म उजवीकडे असतो, म्हणून ॲम्प डावीकडच्या टोकाच्या खणात आणि ब्रॅकेट उजवीकडच्या खणावर. ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजजवळ आला की घूं असा आवाज येतो. प्रीॲम्प ब्रॅकेटच्या खाली रॅकच्या माथ्यावर, कारण टर्नटेबलची वायर मीटरभरच असते. सीडी प्लेयर मधल्या खणावर, ॲम्पच्या डोक्यावर नाही. ॲम्पवर २० सेंमी हवा राहते, पुरे. विजेची वायर आणि ऑडिओ वायर समांतर नेऊ नकोस, ओलांडायची तर काटकोनात.

सुधीरकाका : माडीच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, ते आधी वायरमनकडून मोजून घे. जुन्या वायरिंगमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

रेवा : बरं. सुतार रविवारी येतोय. टर्नटेबल लेव्हलमध्ये कधी आणायचं, ब्रॅकेट बसल्यावर लगेच?

निखिलदादा : रॅक पूर्ण भरून झाल्यावर. पातळीची बाटली (स्पिरिट लेव्हल) खोक्यावर न ठेवता प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर, आधी डावी-उजवीकडे मग पुढे-मागे. आणि पहिला पाऊस पडून गेला की पुन्हा एकदा बघ, फळी फुगते.

आजी : झोपाळ्याच्या कड्यांना तेल पण घाला, करकर ऐकू येते.

निखिलदादा : ते आधी, आजी.