'ब्राँझ'ला कांसे म्हणावे का? (चिनी धूपपात्र)

फलकवाली: छिंग घराण्याच्या काळातल्या (१६४४ ते १९१२) चिनी धूपपात्राच्या माहितीफलकाचे मराठी करायचे आहे. झाकणावर सिंह, पोटावर पाच वटवाघळे, बुडाला श्वान्द या आधीच्या मिंग घराण्यातल्या सम्राटाच्या राजवटीचा शिक्का. मुळात 'ब्राँझ' आहे. 'काशाचे' लिहू का? आणि 'शुभचिन्ह' म्हणून वटवाघूळ लिहिले तर आपला वाचक दचकेल, त्याचे काय?

ओतारी: कांसे नको. आपले कांसे म्हणजे साधारण ७८ भाग तांबे, २२ भाग कथील. कडक, घडवायचे तर लाल तापवून, आणि फरशीवर पडले की तडकते. शांग काळातल्या (चीनचे तीनेक हजार वर्षांपूर्वीचे घराणे) ओतीव भांड्यांत पुष्कळदा कथिलाच्या जोडीला शिसे असते. रस पातळ होतो, नक्षीच्या बारीक खोबणीत शिरतो. तुमचे पात्र तर त्याहून वेगळे असणार. श्वान्द शिक्क्याच्या पुष्कळ धूपपात्रांत जस्त निघते, म्हणजे सरळ पितळ. शिक्क्यावर काळही ठरवू नका: राजवट १४२६ ते १४३५, शिक्का मात्र नंतरच्या नकलांवर सर्रास.

तद्भव: कांसे आणि कांस्य एकच. एक माजघरातला, एक दरबारातला. कांस्यपदक चालते ना?

ओतारी: टोकिओ २०२० चे कांस्यपदक: ९५ टक्के तांबे, ५ टक्के जस्त. कथील औषधालाही नाही. घ्या, करा शुद्धी!

तद्भव: मग तर वाद मिटलाच. लोकांनी शब्द धातूपासून कधीच सोडवलाय.

चिनीमाती: वटवाघळाला चिनीत 'फू', सुखभाग्यालाही 'फू'. पाच वटवाघळे म्हणजे पाच सुखे: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड, शेवटी सुखाचे मरण. फलकावर नुसते 'शुभचिन्ह' लिहू नका, 'फू' लिहा.

फलकवाली: छान. वरच्या हिरव्या थराला 'गंज' चालेल?

ओतारी: गंज लोखंडाचा. तांब्या-पितळेला कळंक.

तद्भव: कळंक म्हटले की लोक चिंच घेऊन घासायला धावतील!

चिनीमाती: ती भीती खरी. जुन्या थराला आंबट लावले की तो विरघळतो, वस्तूची किंमत पडते. घट्ट, गुळगुळीत थराला हात लावू नका. फिकट हिरवे, नखाने भुकटी होणारे ठिपके दिसले तर तो क्लोराइडचा, म्हणजे मिठातल्या क्षाराचा, रोग. दमट हवेत आतला धातू खात जातो. पात्र कोरड्या पेटीत ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली, आणि संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या जाणकाराला, दाखवा. हा कळंक नव्हे, दुखणे आहे.

तद्भव: दोन्ही हिरवे, दोन्ही तांब्याचे, मग शब्द दोन कशाला?

ओतारी: खरूज आणि तीळ दोन्ही कातडीवरच असतात, तरी शब्द दोन आहेत.